कोंते काय म्हणाला

मळणीच्या खळ्याच्या कडेला एक सपाट दगड होता. कोंते त्यावर चढला, डोक्यावरची टोपी काढून त्याने ती छातीशी धरली आणि बोलायला सुरुवात केली. गारुफालिया तेव्हा लांब दांड्याच्या फळीने भट्टीतले पाव बाहेर काढत होती. खळ्यावर बसलेल्या माणसांच्या पाठी तिला दिसत होत्या, आणि त्या पाठींच्या वर उन्हात उभा असलेला तो, उंच, पिंगट केसांचा, कोटाची सगळी बटणे लावलेला.

गावात आला तेव्हा तो ग्रीकमध्येच बोलला होता. निदान त्याची तशी समजूत होती. पण ती ग्रीक दोन हजार वर्षांपूर्वीची, लहानपणी शिक्षकाने पुस्तकांतून शिकवलेली. पहिल्याच दिवशी त्याने ती ऐकवली तेव्हा हा काहीतरी प्रार्थना म्हणतो आहे असे वाटून अर्धा गाव उठून उभा राहिला होता. पापा-आर्सेनिसने, म्हणजे गावच्या पाद्र्याने, अदबीने 'आमेन' म्हटले. त्यानंतर कोंते आपल्याच भाषेत बोलू लागला आणि त्याचा चाकर ह्नात त्याचे बोलणे गावाला समजावून सांगू लागला.

"कोंते म्हणतात," ह्नात सांगत होता, "कुठलाही माणूस दुसऱ्याच्या मालकीचा म्हणून जन्माला येत नाही."

त्याचा आवाज सपाट होता. बाजारातून काय काय आणायचे ते सांगावे तसा.

"कोंते म्हणतात, तुर्क तुम्हाला आपली जनावरं समजतात. हे ऐकून त्यांना त्यांच्या घरात झोप लागेना. म्हणून ते इथे आले."

माणसांनी माना डोलावल्या. कोंते उन्हाळ्यात आला होता, दूरच्या पोदोलिया प्रांतातून. पोलंडचा मोठा सरदार, म्हणून गाव त्याला कोंते म्हणे. येताना खेचरांवर लादून नव्या कोऱ्या बंदुका आणल्या होत्या. त्या आल्या नसत्या तर कॅप्टन झाफिरिसच्या टोळीपाशी शिकारीच्या जुन्या नळ्या आणि कोयते, एवढेच होते. झाफिरिसने त्याला आपल्या थोरल्या भावाच्या घरी उतरवले, कारण गावात लाकडी तक्तपोशी तेवढ्याच घराला होती. भाऊ तुर्कांविरुद्धच्या उठावाच्या पहिल्याच वसंतात मारला गेला होता. घरात त्याची विधवा गारुफालिया एकटी होती.

ह्नात पाणी आणायचा, लाकडे फोडायचा आणि उरलेला वेळ तिच्या स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसून राहायचा. तिथेच तो भाषा शिकला. आधी भांड्यांची नावे, मग शिव्या, मग बाकीची. तो गावकऱ्यांसारखाच उजवीकडून डावीकडे क्रूस करायचा, बुधवार-शुक्रवार पाळायचा, देवळात पुरुषांच्या ओळीत उभा राहायचा. कोंते रोमच्या पंथाचा. तो डावीकडून क्रूस करायचा आणि शुक्रवारी अंडे मागायचा. गाव कोंतेला मान देई, पण द्राक्षे पिकल्यावर पहिला घोस ह्नातच्या हातावर ठेवला जाई.

"झकास बोलला," खळ्यावरून पानागोस म्हणाला. तुर्कांनी त्याचा एक कान कापला होता, त्यामुळे आपल्याला काहीही बोलायचा परवाना आहे असे तो समजत असे. "आता त्याला एक विचार, ह्नात. मग तू कोणाचा?"

दोघेतिघे हसले. ह्नात कोंतेचा होता हे सगळ्यांना ठाऊक होते. चाकर म्हणून नव्हे, विहीर आणि गिरणी जशी गावासकट मालकाची असते तसा. हे त्याने स्वतःच एकदा शेंगा सोलताना सांगितले होते, त्यात विशेष काही आहे असे न वाटून.

"पानागोस, पुरे," कॅप्टन झाफिरिस म्हणाला.

"का? माणूस इतक्या लांबून येऊन एवढं बोलतोय, आपण एक साधा प्रश्न विचारू नये? विचार की रे. नव्या नवरीसारखा लाजतोस काय?"

ह्नातने कोंतेकडे वळून काहीतरी विचारले.

कोंतेचा चेहरा उजळला. तो दगडावरून खाली उतरला. दोन्ही हातांनी त्याने हवेत काहीतरी गोल दाखवले, मग हात डोक्याच्या वर नेऊन फांद्या छाटल्यासारखे केले, मग बोटांची टोके ओठांशी नेऊन चुंबन घेतले. बराच वेळ तो बोलत होता.

"कोंते म्हणतात," ह्नात म्हणाला, "लढाई संपली की बघू."

"एवढ्यासाठी इतके हातवारे?" पानागोस म्हणाला आणि सगळे हसले. कोंतेही हसला.

गारुफालियाने फळी भिंतीला टेकवून ठेवली. शेवटचा पाव खालून करपला होता.

ह्नात लाकडे घेऊन आत आला तेव्हा ती कांदे चिरत होती.

"काय विचारलंस त्याला?"

"कुठं?"

"खळ्यावर."

त्याने लाकडे एकेक करून चुलीशेजारी रचली. "त्यांच्या बागेतल्या सफरचंदांचं विचारलं. झाडं कशी छाटतात ते."

"का रे?"

"ताई, तो प्रश्न तिथे विचारला असता तर काय झालं असतं सांगू? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. त्यानं मला मिठी मारली असती आणि सगळ्यांसमोर सोडून दिलं असतं. मी काही त्याला वाईट म्हणत नाही. तो तसाच आहे."

"मग?"

"मग मी सुटलो असतो. मी एकटा." त्याने हात झटकले. "ओदार्का तिकडे आहे. पोरी तिकडे आहेत. तिकडे त्याचा धाकटा भाऊ कारभार बघतो. त्याला मी चांगला ओळखतो. सुटलेला माणूस म्हणून मी परत गेलो तर तो मला वेशीच्या आत घेणार नाही. बायको बघायची तर कुंपणाबाहेरून."

गारुफालियाने चिरलेला कांदा भांड्यात लोटला.

"या माणसाकडे एकदाच मागता येतं," ह्नात म्हणाला. "एकदा दिलं की त्याचं त्यालाच इतकं बरं वाटतं की पुढचं ऐकूच येत नाही. म्हणून नीट वेळ बघून मागायचं. घरी पोचल्यावर. गाडीतून उतरून तो आपली झाडं बघेल ना, तेव्हा. त्या दिवशी तो कशालाच नाही म्हणणार नाही. म्हाताऱ्या बाईसाहेब गेल्या तेव्हाही अशी वेळ आली होती, पण मी तापानं पडलो होतो."

"म्हणजे तो जिवंत घरी जायला हवा."

"जायलाच हवा."

"मग सांग त्याला, दगडांच्या मागे बसत जा म्हणून."

"सांगून बघितलं. म्हणाला, लपून लढायला मी काय चोर आहे?"

सप्टेंबर सरता सरता तुर्क खिंडीतून वर आले. झाफिरिसच्या माणसांनी आदल्या दिवशीच दगड रचून कमरेइतकी आडभिंत उभी केली होती आणि तिच्यामागे ते पोटावर पडून होते. गावातल्या बायका मागच्या उतारावर पाण्याच्या पखाली घेऊन बसल्या होत्या. तिथून गारुफालियाने सगळे पाहिले.

कोंते भिंतीवर चढला. तलवार उपसून तो ताठ उभा राहिला, जणू त्याचे कोणी चित्र काढत होते.

"ह्नात, ओढ त्याला खाली," झाफिरिस ओरडला. "लांबून दिसतोय तो त्यांना."

ह्नातने त्याचा पट्टा धरून त्याला खाली खेचले. कोंते उठला, त्याने ह्नातच्या तोंडात मारली आणि पुन्हा चढला. ह्नातने पुन्हा खेचले. तिसऱ्या वेळी कोंते चढला तेव्हा ह्नात त्याच्या मागोमाग चढला आणि हात पसरून त्याच्या पुढ्यात उभा राहिला. धूर आला, गेला. दोघेही उभेच होते. कोंते त्याला बाजूला ढकलत होता, तो ढळत नव्हता. आडभिंतीमागची माणसे गोळ्या भरायची थांबून त्या दोघांकडे पाहत राहिली.

गोळी बाजूने आली. कोंतेच्या बरगडीखाली लागली.

दुपारपर्यंत तुर्क मागे फिरले. ह्नात तोवर कोंतेला पाठीवर घेऊन उतार उतरला होता. वाटेत कोणी मदतीला आले तर तो मान उडवून नको म्हणत होता. पानागोसने त्याच्यासाठी वाट करून दिली आणि टोपी काढून हातात धरली.

"असा जीव लावणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही," तो गारुफालियाला म्हणाला.

ती पखाल उचलून त्याच्या पुढून निघून गेली.

जखम धुतली, बांधली, पण ती आतून सडत गेली. दोन दिवसांनी, चौथ्या प्रहरी, कोंतेने झाफिरिसला बोलावले. तो शुद्धीवर होता. चेहरा मेणासारखा दिसत होता, पण आवाज स्पष्ट होता. गारुफालिया त्याच्या उशाशी ओले फडके घेऊन बसली होती. ह्नात पायाशी जमिनीवर.

"कोंते म्हणतात, तलवार कॅप्टनना द्यावी. घोडाही. कोंते म्हणतात, त्यांना इथेच पुरावं, कुठेही नेऊ नये."

"सांग त्याला, माझ्या भावाशेजारी जागा देतो," झाफिरिस म्हणाला. "भावासारखाच होता म्हणावं."

ह्नातने सांगितले. कोंतेने डोळे मिटले, उघडले आणि गारुफालियाकडे पाहून काहीतरी म्हटले.

"ताई, ते म्हणतात, तुमच्या घरचं अन्न खाल्लं. तुम्हाला काय देऊ, असं विचारतात."

गारुफालियाने हनुवटी वर करून नको म्हटले. पाहुण्याकडून काही घ्यायची रीत नव्हती. मग तिने फडके वाडग्यात पिळले, हात झग्याला पुसले आणि म्हणाली,

"थांब. हवंय मला. सांग त्याला, ओदार्का आणि तिच्या पोरी मला दे."

ह्नात हलला नाही. "ताई, नको."

"तू कुठे मागतोयस? मी मागतेय. तू फक्त सांगायचं काम कर."

"ओदार्का कोण?" झाफिरिसने विचारले.

"ह्याची बायको, भावजी."

झाफिरिसने एकदा तिच्याकडे, एकदा ह्नातकडे पाहिले. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"सांग रे," तो हळूच म्हणाला.

ह्नातने सांगितले. थोडेच शब्द होते. ओदार्काचे नाव त्यात होते, पोरींची होती. कोंते त्याच्याकडे बघत राहिला, आत्ताच कोणी अनोळखी माणूस दार उघडून आत आल्यासारखा. मग त्याने उशीवरच डोके हलवले, या कुशीकडून त्या कुशीकडे, दोन-तीनदा. तो बोलू लागला. मध्येच थांबे, श्वास घेई, पुन्हा बोले. वेर्बिव्का हे ह्नातच्या गावाचे नाव गारुफालियाला ठाऊक होते. ते दोनदा आले. एकदा त्याने हात उचलून कोपऱ्यात टेकवलेल्या झाफिरिसच्या बंदुकीकडे बोट केले. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांवर ओघळत होते. ह्नात गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होता. शेवटी त्याने एक शब्द उच्चारला आणि कोंतेचा हात हातात घेतला.

"काय म्हणाला?" झाफिरिसने विचारले.

ह्नातने वर पाहिले नाही.

"कोंते म्हणतात, दिल्या. नुसत्या त्याच नाहीत. वेर्बिव्का गावातलं एकही माणूस आजपासून कोणाच्या मालकीचं नाही."

झाफिरिसने क्रूस केला. "मी बघितलं. मान हलवली त्यानं."

या डोंगरांत नाही म्हणायचे तर हनुवटी वर उडवतात आणि डोके आडवे हलले की होकार समजतात. पण गारुफालिया उन्हाळ्यापासून त्याच्यापुढे वाडगे ठेवत होती. तो असे डोके हलवायचा तेव्हा वाडगे उचलून न्यायचे असते हे तिला माहीत होते.

तिने फडके पुन्हा ओले करून त्याच्या कपाळावर ठेवले. सूर्य मावळायच्या आत कोंते गेला.

प्रेताला घालायचे कपडे ती विहिरीपाशी धूत होती तेव्हा ह्नात कुदळ घेऊन तिथे आला. माती अंगभर लागली होती.

"गाव विकलंय ना?" तिने विचारले.

त्याला आश्चर्य वाटलेले दिसले नाही. "इथे यायच्या आधीच विकलं. त्या बंदुका त्यातूनच आल्या. घेणारा कोण तेही त्याला नीट सांगता येईना. कारकुनानं बघितलं, म्हणाला." तो विहिरीच्या काठावर बसला. "मला म्हणाला, मी गाव विकलं तेव्हा डोळ्यांपुढे शेतं होती, ओढा होता. त्यात कोण कोण आहे हे मनातच आलं नाही. मग रडायला लागला. क्षमा मागितली."

"तू काय सांगितलंस?"

"केली म्हणालो. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?"

तिने सदरा पिळला. पाणी दगडावरून वाहत त्याच्या पायांपाशी गेले.

"आणि आम्हाला तसं का सांगितलंस?"

"ठरवून नाही सांगितलं." तो बराच वेळ हातांवरची माती बोटाने काढत होता. "तोंडातून निघून गेलं. पण आता निघालंय तर राहू दे, ताई."

संत दिमित्रिओसच्या सणाला कोंतेसाठी प्रार्थना ठेवली होती. आसपासच्या गावांतून माणसे आली. खालच्या बंदरात केफालोनिया बेटाचा स्तामातिस नावाचा तांडेल दारूगोळा उतरवायला आला होता, तोही वर चढून आला. त्याच्या जहाजावर इंग्रजांचे निशाण होते, त्यामुळे तुर्क त्याला अडवत नसत. दर साली तो गहू आणायला ओदेसा या रशियाच्या बंदराला जाई; पोदोलिया तिथून उत्तरेला. झाफिरिसने देवळाच्या अंगणात उभे राहून कोंतेचे शेवटचे शब्द सगळ्यांना सांगितले. बायका रडल्या. पानागोसही रडला.

स्तामातिस रडला नाही. झाफिरिसचे झाल्यावर तो पुढे आला.

"हे जर खरं असेल ना, कॅप्टन, तर ओदेसात आपली ग्रीक माणसं आहेत. मोठमोठ्या घरांची. गव्हर्नर त्यांच्याकडे जेवायला येतो. आपल्यासाठी मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा म्हटल्यावर ती गप्प बसणार नाहीत. गाव तर कोणी सोडणार नाही, पण ह्याची बायको-पोरं सोडवून आणतील. ह्याला मी घेऊन जातो." त्याने ह्नातकडे पाहिले. "पण माझं कोण ऐकणार? मी तिथे काय सांगू? चाकर म्हणतो, माझ्या मालकानं मला असं असं दिलं?"

"मी होतो तिथे," झाफिरिस म्हणाला.

"तुला त्याची भाषा येते?"

झाफिरिसने हनुवटी वर उडवली.

"तेच म्हणतोय मी. दुसरं कोणी होतं?"

ह्नात देवळाच्या भिंतीशी उभा होता. त्याने गारुफालियाकडे पाहिले नाही. तो जमिनीकडेच बघत होता आणि ती त्याच्यासाठी काही करणार नाही हे त्याने आधीच मान्य केलेले दिसत होते.

"मी होते," गारुफालिया म्हणाली. "माझ्या घरात राहिला तो. मला कळते त्याची भाषा."

पापा-आर्सेनिसने वळून तिच्याकडे पाहिले. ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून तो तिच्या पापांची कबुली ऐकत आला होता. कोंतेला मीठ हवे की पाणी हे तिला खुणांनी विचारावे लागे, हेही त्याने तिच्या चुलीपाशी बसून पाहिले होते.

"पवित्र पुस्तकावर हात ठेवून सांगशील?" स्तामातिसने विचारले.

"सांगीन."

पापा आत गेला. त्याला यायला जरा वेळ लागला. चांदीच्या पुठ्ठ्याचे ते जड पुस्तक त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले आणि मान खाली घातली. गारुफालियाने तळवा पुठ्ठ्यावर टेकवला.

"मी तिथे होते. तो म्हणाला, ओदार्का दिली, तिच्या पोरी दिल्या, सगळं गाव सोडलं. मी माझ्या कानांनी ऐकलं."

मग तिने वाकून पुस्तकाला ओठ लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्नात स्तामातिसबरोबर बंदराकडे उतरला. झाफिरिसने त्याला गळामिठी घातली. गारुफालियाने पाव आणि कांदे फडक्यात बांधून दिले. तो तिच्या पाया पडू लागला तेव्हा तिने त्याला खांद्याला धरून उठवले आणि उशीर होतोय म्हणून सांगितले.

ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत स्तामातिस पुन्हा आला. ओदेसाच्या देवळात त्याने सगळी हकिकत सांगितली होती, म्हणाला. व्यापाऱ्यांच्या बायका रडल्या. एका म्हाताऱ्या शेटजींनी वेर्बिव्काच्या नव्या मालकाची गाठ घ्यायचे कबूल केले. ह्नात त्या उत्तराची वाट बघत थांबला नाही. बर्फ पडत असतानाच उत्तरेच्या रस्त्याला लागला. त्यापुढचे स्तामातिसला ठाऊक नव्हते.

"ती बाई जे बोलली तेच शब्द मी सांगितले," तो झाफिरिसला म्हणाला. "त्या शब्दांनीच काम झालं. चाकराचं कोणी ऐकलंच नव्हतं."

ईस्टरला सगळा गाव ओळीने वेदीसमोर गेला. पापा-आर्सेनिस एकेकाच्या तोंडात चमच्याने प्रसाद घालत होता. उपास करून, पापांची कबुली देऊन आलेल्यांनाच तो घेता येई. गारुफालिया मागे, दाराजवळच्या खांबापाशी उभी राहिली. नाताळातही ती अशीच उभी होती. बायका वळून पाहत होत्या. ओळ संपली तरी पापा चमचा हातात धरून थोडा वेळ थांबला, मग त्याने वाटी झाकली.

बाहेर आल्यावर झाफिरिसने तिला गाठले.

"वहिनी, पुढे का नाही आलीस? बरं नाही का?"

"बरी आहे की," ती म्हणाली. "उपास मोडला माझा."

आणि लाल रंगवलेली अंडी वाटायला ती पोराबाळांच्या घोळक्यात गेली.